सोळा जणांची सोसायटी : ‘सेबर’ची वाटचाल

न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन हे तळ्याकाठचे छोटे गाव. अमेरिकन बेसबॉलचे हॉल ऑफ फेम तिथे आहे, म्हणून वर्षातून एकदा त्याला जत्रेचे रूप येते. ९ ऑगस्ट १९७१ चा दिवस असाच होता. सॅचेल पेज या कृष्णवर्णीय पिचरला त्या दिवशी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. वर्णभेदामुळे त्याच्या उमेदीची सारी वर्षे ‘निग्रो लीग’मध्ये गेली होती, आणि त्या लीगमधील कामगिरीवर निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, त्याच हॉल ऑफ फेमच्या ग्रंथालयात सोळा माणसे जमली. त्यांच्यापैकी कोणाची सही घ्यायला कोणी धावले नसते. जुन्या वर्तमानपत्रांतील धावफलक उतरवून काढणारे, कुणा विसरलेल्या खेळाडूची जन्मतारीख शोधत हिंडणारे असे हे लोक होते. त्या बैठकीत ‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’ स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला पुढे सगळे ‘सेबर’ म्हणू लागले.

बैठक बोलावणारे एल. रॉबर्ट उर्फ बॉब डेव्हिड्स हे वॉशिंग्टनमधील सरकारी नोकर. बेसबॉलच्या इतिहासावर ते हौसेने लिहीत. त्या वर्षाच्या सुरुवातीस त्यांनी ‘बेसबॉल ब्रीफ्स’ नावाचे छोटे वार्तापत्र सुरू केले आणि आपल्यासारख्याच सुमारे चाळीस जणांना पत्रे धाडली. सांख्यिकी आणि इतिहास या दोहोंचे वेड असलेल्या या मंडळींसाठी त्यांनी एक जोडशब्दही तयार केला होता : ‘स्टॅटिस्टोरियन’. चाळिसांपैकी पंधरा जण कूपरस्टाउनला पोहोचले, डेव्हिड्स सोळावे. हॉल ऑफ फेमचे इतिहासकार क्लिफ कॅचलाइन यजमानही होते आणि संस्थापक सदस्यही.

हे सोळा जण ज्या जमिनीवर उभे होते, ती मात्र शंभरएक वर्षांपूर्वी नांगरली गेली होती. तिची मशागत करणारा माणूस क्रिकेटमधून आलेला होता, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी. हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथे जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि तिथे वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचे वार्तांकन करू लागले. बेसबॉलकडे वळल्यावर त्यांनी त्या खेळाला धावफलकाची चौकट दिली आणि फलंदाजीच्या सरासरीची सवय लावली. क्रिकेटच्या संस्कारातूनच एक गफलतही शिरली. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू भलतीकडे टाकले, तर फलंदाजाला न मारताच पहिला बेस मिळतो. त्याला ‘वॉक’ म्हणतात. चॅडविक यांच्या लेखी ती पिचरची चूक, फलंदाजाचे त्यात काय? वाइडची धाव आपण तरी फलंदाजाच्या नावावर कुठे मांडतो! १८८७ च्या एका हंगामापुरते वॉकला हिट मानून पाहिले गेले, तेव्हा सरासऱ्या अशा फुगल्या की पुढच्या वर्षी नियम मागे घेतला गेला. भलत्या चेंडूला बॅट न लावणे हेही कसब आहे, हा विचार त्यानंतर कित्येक दशके सरासरीच्या हिशेबाबाहेरच राहिला.

शंका घेणारे अधूनमधून भेटत होते. ‘बेसबॉल मॅगझीन’चे संपादक एफ. सी. लेन यांनी १९१६ मध्ये सरासरीवर टीका केली. एका बेसचा साधा फटका आणि होम रन यांना सारखेच मोजणे म्हणजे खिशात पैसे किती, या प्रश्नाला ‘बारा नाणी’ असे उत्तर देण्यासारखे, असा त्यांचा मुद्दा होता. १९४७ मध्ये, म्हणजे जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ज्या वर्षी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला त्याच वर्षी, त्या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ॲलन रॉथ या मॉन्ट्रियलच्या गृहस्थांना पूर्णवेळ सांख्यिक म्हणून नेमले. कॅनडाच्या संरक्षण खात्यातील संशोधक जॉर्ज लिंडसे यांनी तर शेकडो सामन्यांच्या नोंदींवरून एक तक्ताच मांडला. बेसवर कोण आहे आणि किती बाद झाले आहेत, एवढे कळले तर डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतील, हे तो तक्ता सांगे. १९६३ मध्ये तो ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात छापून आला. पहिल्या बेसवर धावपटू आणि कोणीही बाद नाही, अशा स्थितीत सरासरी ०.८१ धावा होत. स्वतःचा बळी देऊन त्याला दुसऱ्या बेसवर सरकवले, की धावांची अपेक्षा ०.६७ वर येई. पिढ्यान्‌पिढ्या शहाणपणाची म्हणून नावाजलेली चाल सर्वसाधारणपणे तोट्याची निघाली. संघांच्या प्रशिक्षकांपैकी किती जण गणिताचे नियतकालिक वाचत असतील, हे सांगायला नको.

१९६९ मध्ये मॅकमिलन प्रकाशनाचा ‘बेसबॉल एन्सायक्लोपीडिया’ निघाला. संगणकाच्या मदतीने जुळवलेला तो दोन हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ होता. त्याच्यामुळे हौशी संशोधकांच्या हाती प्रथमच एक सामाईक पोथी आली आणि तिच्यातील चुका काढण्याचे निमित्तही मिळाले. दोन वर्षांनी स्थापन झालेल्या सोसायटीचे सुरुवातीचे पुष्कळसे काम याच दुरुस्तीचे आहे.

आरंभीचा कारभार घरगुती होता. डेव्हिड्स पहिले अध्यक्ष झाले. १९७२ मध्ये वॉशिंग्टन येथे वार्षिक अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी ‘बेसबॉल रिसर्च जर्नल’चा पहिला अंक निघाला. नोकरी सांभाळून डेव्हिड्स दशकभर त्याचे संपादन करीत राहिले. सोसायटीला ना इमारत होती, ना पगारी माणूस. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगकडून मान्यता नव्हती, विद्यापीठांच्या लेखी हा विषय पोरकट होता, आणि क्रीडा पत्रकारांना ही मंडळी विक्षिप्त वाटत. मुंबईत आनंदजी डोसा यांनी क्रिकेटचे आकडे असेच आयुष्यभर स्वतःच्या हाताने जमवले. असे वेड एकट्याचे असते तेव्हा घरचे लोक हसतात. सोळा जणांचे झाले, की घटना, वर्गणी आणि समित्या सुरू होतात.

समित्यांतील एक पुढे साऱ्या खेळाला पुरून उरली. १९७४ मध्ये सांख्यिकी विश्लेषणाची समिती झाली. तिच्या मुळाशी दोन माणसे होती. डिक क्रेमर औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, तर पीट पामर रडार यंत्रणांवर काम करणारे अभियंता. आपापल्या नोकरीतील संगणकांशी दोघांची ओळख होती, आणि त्या काळी तेच मोठे भांडवल होते. फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो आणि त्याच्या फटक्यात किती जोर आहे, या दोन गोष्टी एकत्र केल्या की धावांशी त्यांचे नाते सरासरीपेक्षा कितीतरी घट्ट निघते, हे त्यांनी जर्नलमधून मांडले. आज स्टेडियमच्या फलकावर दिसणारा ‘ओपीएस’ हा आकडा त्याच विचाराचे अपत्य.

१९७७ च्या जर्नलमध्ये क्रेमर यांनी आणखी धाडसी प्रश्न केला : ऐन मोक्याच्या क्षणी हटकून खेळणारा फलंदाज खरोखर असतो का? १९६९ आणि १९७० या दोन हंगामांत अशा क्षणी कोण चमकले, हे त्यांनी ताडून पाहिले. पहिल्या वर्षीचे ‘संकटमोचक’ दुसऱ्या वर्षी तसे राहिलेच नव्हते. प्रेक्षकांच्या आवडत्या समजुतीवर घाव बसला.

त्याच वर्षी कॅन्ससमधील लॉरेन्स गावात डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्स नावाच्या तरुणाने ‘बेसबॉल ॲब्स्ट्रॅक्ट’ ही अडुसष्ट पानांची पुस्तिका स्वतःच छापून काढली. कुठेच न मिळणाऱ्या अठरा प्रकारच्या आकडेवारीचा तिच्यात दावा होता. प्रती खपल्या पाऊणशेच्या आसपास. तरी जेम्स दरवर्षी लिहीत राहिले. त्यांच्याकडे सूत्रे होती तशी भाषाही होती, तिरकस, भांडखोर आणि रसाळ. फलंदाजाने संघासाठी नेमक्या किती धावा ‘निर्माण’ केल्या, याचे त्यांचे सूत्र शाळकरी मुलालाही सोडवता येई : हिट आणि वॉकची बेरीज घ्यावी, तिला फटक्यांतून मिळालेल्या एकूण बेसनी गुणावे आणि फलंदाजीच्या संधी व वॉक यांच्या बेरजेने भागावे. त्यांचे दुसरे सूत्र केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांवरून संघाचे विजयाचे प्रमाण सांगते. पायथागोरसच्या प्रमेयासारखे दिसते म्हणून त्याला त्या ग्रीक गणितीचे नाव मिळाले. काटकोन त्रिकोणाचा मात्र त्यात मागमूस नाही.

१९८० च्या अंकात जेम्स यांनी या साऱ्या उद्योगाला ‘सेबरमेट्रिक्स’ असे नाव दिले. बेसबॉलविषयीच्या वस्तुनिष्ठ ज्ञानाचा शोध, अशी त्याची व्याख्या केली. नावाची पहिली अक्षरे सोसायटीची होती. हा सन्मान मोठाच, पण त्याने एक कायमची डोकेदुखीही मागे लावली. सोसायटी म्हणजे आकडेमोड करणाऱ्यांचा अड्डा, असा समज पसरला. वास्तविक सदस्यांतील कित्येकांना समीकरणांचे वावडे होते. कोणी मैदानांचा इतिहास लिहीत होते, कोणी चरित्रे, कोणी एकोणिसाव्या शतकातील नियमांच्या मागे होते. ते आणि गणितवाले यांच्यातील कुरबुर अधिवेशनांतून वर्षानुवर्षे ऐकू येत असे.

या कुरबुरीचे उत्तर एका जुन्या मोटारीच्या गोष्टीत आहे. १९१० मध्ये चाल्मर्स कंपनीने सर्वोत्तम सरासरीच्या फलंदाजाला मोटार देऊ केली. चुरस डेट्रॉईटचा टाय कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजोई यांच्यात होती. कॉब सहकाऱ्यांनाही नकोसा होता. आघाडी टिकावी म्हणून तो अखेरच्या सामन्यांना बसून राहिला. शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या व्यवस्थापकाने आपल्या तिसऱ्या बेसवरील नवख्या खेळाडूला मुद्दाम मागे उभे केले. लाजोईने बहुतेक हलके बंट मारत दोन सामन्यांत आठ हिट मिळवल्या. प्रकरण चिघळले, व्यवस्थापकाची नोकरी गेली, आणि लीगने निसटत्या फरकाने कॉबला विजेता ठरवले. कंपनीने शहाणपणाने दोघांनाही मोटारी दिल्या.

सत्तर वर्षांनी पीट पामर आणि त्यांचे सोबती जुन्या खतावण्या चाळत असता कॉबच्या नावावर एक सामना दोनदा चढवलेला आढळला. त्यातल्या तीन संधींत दोन हिट होत्या. त्या वजा केल्या तर १९१० ची सरासरी लाजोईची सरस ठरते आणि कॉबच्या कारकिर्दीतील हिट ४,१९१ ऐवजी ४,१८९ होतात. १९८१ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने ही बातमी छापली. बेसबॉल कमिशनर बोवी कून यांनी दुरुस्ती फेटाळली. चार वर्षांनी पीट रोझ या फलंदाजाने ४,१९१ चा टप्पा ओलांडला तेव्हा देशभर जल्लोष झाला. सोसायटीच्या हिशेबाने तो क्षण तीन दिवस आधीच येऊन गेला होता. सूत्र कितीही देखणे असो, खतावणीत एक ओळ दोनदा लिहिलेली असेल तर ते खोटेच बोलणार. म्हणूनच सोसायटीत धावफलक उतरवणारा हा समीकरण मांडणाऱ्याचा धाकटा भाऊ कधीच नव्हता.

प्रत्येक वेळी नकारच पदरी पडला असे नाही. हॅक विल्सनने १९३० च्या हंगामात सहकाऱ्यांना घरी आणून मिळवून दिलेल्या धावांचा विक्रम १९० चा मानला जाई. एक धाव सुटल्याची शंका १९७७ मध्ये एका वाचकाने पत्रातून कळवली. कॅचलाइन यांनी ती धसास लावली आणि १९९९ मध्ये मेजर लीगने १९१ हा आकडा अधिकृत केला. एका धावेसाठी बावीस वर्षे.

१९८० चे दशक भरभराटीचे होते. जॉन थॉर्न यांच्या संपादनाखाली १९८२ मध्ये ‘द नॅशनल पास्टाइम’ हे दुसरे नियतकालिक निघाले. १९८३ मध्ये कॅचलाइन सोसायटीचे पहिले पूर्णवेळ कार्यकारी संचालक झाले. १९८४ मध्ये पामर आणि थॉर्न यांचा ‘द हिडन गेम ऑफ बेसबॉल’ हा ग्रंथ आला. त्यात पामर यांनी प्रत्येक घटनेची धावांतील किंमत बांधून दिली : एका बेसचा फटका ०.४६, होम रन १.४०, आणि चॅडविकनी शून्यावर ठेवलेला वॉक ०.३३. त्याच वर्षी जेम्स यांनी ‘प्रोजेक्ट स्कोअरशीट’ची हाक दिली. चेंडूगणिक तपशील तेव्हा खुलेपणाने मिळत नसत, म्हणून चाहत्यांनीच सामने पाहून ते टिपायचे ठरले. पुढे १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि सोसायटीचे सदस्य डेव्हिड स्मिथ यांनी ‘रेट्रोशीट’ सुरू केले. संघांच्या कपाटांत आणि वार्ताहरांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या स्कोअरवह्या मागवायच्या, स्वयंसेवकांनी त्या संगणकात चढवायच्या आणि सर्वांना फुकट द्यायच्या, असे ते काम. आजचे जवळपास प्रत्येक ऐतिहासिक प्रतिमान याच दाण्यांवर पोसले आहे.

संघांच्या कचेऱ्यांची दारे मात्र बंदच होती. ती उघडली ओकलंडमध्ये, आणि तीही गरजेपोटी. २००२ च्या हंगामात ओकलंडचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. दोघांनीही १०३ सामने जिंकले. ओकलंडने सलग वीस विजयांची मालिका केली, ती वेगळीच. सरव्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे सहायक पॉल डिपोडेस्टा बाजारात स्वस्त मिळणारे, पण हटकून बेसवर पोहोचणारे खेळाडू हुडकत होते. सोसायटीच्या जर्नलमध्ये हे गुण पंचवीस वर्षांपूर्वीच मापले गेले होते. बाद फेरीत ओकलंड पहिल्याच लढतीत मिनेसोटाकडून हरले, हेही नोंदवले पाहिजे. पाच सामन्यांच्या मालिकेत नशिबाला बराच वाव असतो आणि प्रतिमानांनाही तो मान्य आहे. मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ २००३ मध्ये आले आणि गुपित गावभर झाले. त्याच सुमारास बॉस्टन रेड सॉक्सने बिल जेम्स यांना सल्लागार नेमले. बॉस्टनने १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज २००४ मध्ये जिंकली. श्रेय एकट्या जेम्स यांचे नव्हे, पण कारखान्यातल्या पहारेकऱ्याच्या बोटात विजेत्याची अंगठी आली.

डेव्हिड्स हे सारे पाहायला नव्हते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. सोसायटीचा सर्वोच्च सन्मान १९८५ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.

यशाच्या भरात संस्थेने आपली टीकावृत्ती सोडली नाही, याची साक्ष जर्नलच्या तेहतिसाव्या अंकात सापडते. त्यात बिल जेम्स यांनी आपल्याच पंथाला घेरले. दोन हंगामांचे आकडे जुळले नाहीत म्हणून मोक्याच्या क्षणी खेळण्यासारखा गुण अस्तित्वातच नाही असे म्हणता येत नाही. कदाचित धुकेच इतके दाट असेल की पलीकडचे दिसत नसेल, असे त्यांचे म्हणणे. क्रेमर यांचा १९७७ चा निष्कर्ष त्यामुळे पुन्हा वादात आला आणि प्रत्युत्तरेही आली.

एक चूक संस्थेने उशिरा दुरुस्त केली. २०१० मध्ये संशोधकांसाठी हेन्री चॅडविक पुरस्कार सुरू झाला. पहिल्या यादीत बेसबॉलचे आद्य विद्यापीठीय इतिहासकार हॅरॉल्ड सीमोर यांचे नाव होते. त्यांच्या ग्रंथांच्या संशोधनात आणि लेखनात पत्नी डोरोथी यांचा मोठा वाटा होता, पण मुखपृष्ठावर त्यांचे नाव कधी आले नव्हते. यादीतही ते नव्हते. आक्षेप आल्यावर सोसायटीने डोरोथी सीमोर मिल्स यांचे नाव सन्मानात जोडले. खेळाडूंच्या नावावरील सुटलेली धाव शोधणाऱ्यांनी आपल्याच घरातील एवढी मोठी नोंद चुकवावी, हे लागण्यासारखे होते.

२०११ मध्ये कार्यालय क्लीव्हलँडहून ॲरिझोनातील फीनिक्सला गेले आणि पुढच्या वर्षीपासून सोसायटीची विश्लेषण परिषद भरू लागली. तिथे आता संघांचे अधिकारी व्याख्याने देतात आणि विद्यार्थी नोकरीच्या आशेने येतात. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणा चेंडूचा वेग, फिरकी आणि फटक्याचा कोन टिपते. खेळाडूचे एकंदर मोल सांगणारा ‘वॉर’ हा आकडा पगाराच्या वाटाघाटींत चालतो. त्या जागी सहज मिळणारा दुय्यम खेळाडू असता तर किती विजय कमी झाले असते, असा त्याचा अर्थ. दोन ठिकाणी तो दोन प्रकारे काढतात आणि उत्तरे जुळत नाहीत. चाहत्यांना भांडायला तेवढे पुरते. संघांकडे आता पगारी गणितज्ञांचे ताफे आहेत, त्यांचे शोध कुलूपबंद असतात. सोसायटीचे काम उघड्यावर चालते. २००२ मध्ये सुरू झालेल्या तिच्या चरित्रप्रकल्पात पाच हजारांहून अधिक चरित्रे लिहून झाली आहेत, तीही विनामोबदला.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये तिथले आकडे अधिकृत विक्रमांत मिसळले गेले. तेव्हा कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीच्या यादीत टाय कॉबच्या ०.३६७ वर जॉश गिब्सनचे ०.३७२ चढले. गिब्सन हा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात सॅचेल पेजचा कॅचर होता. कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांतून हे धावफलक वेचणाऱ्यांत सोसायटीचे सदस्य कित्येक वर्षे होते, आणि आकडे मिसळण्याचे काम पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते मेजर लीगचे अधिकृत इतिहासकार जॉन थॉर्न. निग्रो लीगच्या नोंदी तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश हाती आल्या होत्या. उरलेल्या सामन्यांचे धावफलक ज्या अंकांत छापले गेले, त्यांतले काही अजून सापडायचे आहेत.